मतदान केंद्रावरची ड्युटी: ऑर्डर हातात आल्यापासून जमा-पावती मिळेपर्यंत

निवडणुकीची ऑर्डर शाळेत येते, मुख्याध्यापक सही घेऊन ती हातात देतात आणि स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काय लागलं? केंद्राध्यक्ष की एक नंबर?" मग ज्याच्या त्याच्या आठवणी निघतात. कुणी रात्री दोनला साहित्य जमा केलेलं असतं, कुणाचं यंत्र भर दुपारी बंद पडलेलं असतं. पहिल्यांदाच ड्युटी लागलेल्या सहकाऱ्याच्या पोटात तेवढ्यानेच गोळा येतो. मी तीन नंबरचा मतदान अधिकारी (केंद्राध्यक्षाच्या हाताखाली एक, दोन, तीन नंबरचे अधिकारी असतात) म्हणून सुरुवात केली आणि पुढे केंद्राध्यक्ष झालो. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की पटली. हे काम अवघड नाही, पण ते उधार ठेवता येत नाही. जे घडलं ते त्याच मिनिटाला लिहायचं आणि तासातासाला आकड्यांचा ताळा घ्यायचा. संध्याकाळी सहानंतरचा सगळा त्रास या दोनपैकी एक गोष्ट राहून गेल्यामुळे होतो.

इथे लिहितोय ते लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकीबद्दल, म्हणजे भारत निवडणूक आयोगाच्या. जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका, महापालिका या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तिथे व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेल्या मताची चिठ्ठी दाखवणारं यंत्र, नसतं, बऱ्याच ठिकाणी एकाच मतदाराला एकाहून जास्त मतं द्यायची असतात आणि नमुनेही वेगळे असतात. दोन्हीकडच्या सवयी एकमेकांत मिसळू देऊ नका.

ऑर्डर आल्यावर

ही ड्युटी ऐच्छिक नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२४(६) नुसार आयोगाला कर्मचारी पुरवणं हे शासनाचं कर्तव्य आहे आणि लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम २८ए नुसार त्या काळात आपण आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असतो. वाजवी कारण नसताना कर्तव्यात कसूर केली तर कलम १३४ खाली ५०० रुपयांपर्यंत दंड आहे. दंड लहान आहे, पण त्यासोबत येणारी निलंबनाची कारवाई लहान नसते. महाराष्ट्रात २०२४ च्या विधानसभेला एक लाखाहून जास्त मतदान केंद्रं होती. एका केंद्रावर चार माणसं धरली तरी चार लाख होतात. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, बँक कर्मचारी, महामंडळांतले लिपिक या सगळ्यांना का बोलावलं जातं, ते या आकड्यावरून कळतं.

खरंच अडचण असेल, म्हणजे शस्त्रक्रिया ठरलेली आहे, गरोदरपण आहे, गंभीर आजार आहे, तर जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे कागदपत्रांसह लेखी अर्ज करा, आणि तो ऑर्डर आल्या आल्या करा. आदल्या दिवशी साहित्य वाटपाच्या मैदानावर वैद्यकीय प्रमाणपत्र घेऊन उभे राहणारे दरवेळी दिसतात. तिथे कुणी ऐकून घेत नाही आणि त्यांच्या पथकाची मात्र धावपळ होते.

अमुक गावच मिळावं म्हणून ओळखी काढण्यात वेळ घालवू नका. नेमणुका संगणकावर तीन टप्प्यांत सरमिसळ करून होतात. आधी माणसं निवडली जातात, मग पथकं जुळतात आणि केंद्र अगदी शेवटी ठरतं. आपलं बूथ कुठलं हे वाटपाच्या दिवशीच कळतं आणि ते आपल्या राहत्या किंवा नोकरीच्या विधानसभा मतदारसंघात नसतं. ही चांगली सोय आहे. केंद्रावर कुणी ओळखीचं नसलं की नियमाने वागणं सोपं जातं.

ऑर्डरवरचं नाव, पदनाम, मोबाईल आणि बँक खात्याचा तपशील तपासून घ्या. भत्ता त्याच खात्यावर येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आयोगाने हे दर वाढवले: केंद्राध्यक्षाला दिवसाला ३५० चे ५०० रुपये झाले, मतदान अधिकाऱ्याला २५० चे ४०० आणि गट ड कर्मचाऱ्याला २०० चे ३५०.

स्वतःचं मत

सगळ्या गावाचं मतदान घेणाऱ्या माणसाचं स्वतःचं मत बुडावं, याचं मला फार वाईट वाटतं. आणि ते बुडतं ते निव्वळ एक अर्ज भरायचा राहिला म्हणून. पहिल्या प्रशिक्षणालाच नमुना १२ किंवा १२ए मागून घ्या. लोकसभेला ड्युटी आपल्याच लोकसभा मतदारसंघात असेल तर १२ए भरायचा. त्यावर निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र मिळतं आणि ते दाखवून ड्युटीच्या केंद्रावरच यंत्रावर मत देता येतं. ड्युटी दुसऱ्या मतदारसंघात असेल तर नमुना १२, म्हणजे टपाली मत. ही टपाली मतपत्रिका आता घरी येत नाही, टपाली मतदानासाठी उभारलेल्या 'सुविधा केंद्रा'वर जाऊन तिथेच मत द्यायचं असतं. अर्जात यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लागतो, म्हणून प्रशिक्षणाला जाताना मतदार ओळखपत्र आणि यादीतला आपला क्रमांक बरोबर ठेवा.

प्रशिक्षण

सभागृहात चारशे माणसं असतात, पंखे कमी असतात आणि मागच्या रांगेत काहीच ऐकू येत नाही. तरी एक गोष्ट हट्टाने करा: हाताळणीसाठी ठेवलेल्या यंत्रापाशी जाऊन ते स्वतःच्या हाताने जोडा. बीयूची (मतदार बटण दाबतो ते युनिट) केबल व्हीव्हीपॅटला, व्हीव्हीपॅटची सीयूला (अधिकाऱ्यापाशी असतं ते नियंत्रण युनिट). जोडताना आणि काढताना सीयू बंद हवं. एकदा बॅलट दाबा, मत द्या, टोटल बघा. मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर या क्रमाने सगळं करा. पाहिलेलं विसरतं, हाताने केलेलं राहतं. एक नंबर असाल तरी हे शिका, कारण पहाटे साडेपाचला केंद्राध्यक्षांना मदत लागते.

केंद्राध्यक्षांची हस्तपुस्तिका पूर्ण वाचून होत नसेल तर निदान अभिरूप मतदान (खऱ्या मतदानाआधीची चाचणी), आक्षेपित मत (मतदाराच्या ओळखीवर हरकत), प्रदत्त मत (नावावर आधीच कुणी मत दिलेल्या मतदाराचं मत) आणि १७सी (मतांच्या हिशेबाचा नमुना) एवढी प्रकरणं वाचून त्यांना खुणेच्या चिठ्ठ्या लावा.

साहित्य वाटपाचा दिवस

मैदानावर टेबलं लागलेली असतात, लाऊडस्पीकरवर बूथ क्रमांक पुकारले जातात, बस उभ्या असतात आणि प्रत्येकाला आपल्या बसमध्ये जागा धरायची घाई असते. ही घाईच महागात पडते. पथकातले चौघं भेटले की आधी एकमेकांचे मोबाईल क्रमांक घ्या, मग एका झाडाखाली चादर अंथरून साहित्य पसरा आणि यादीशी एकेक वस्तू लावून बघा. एकाने यादी वाचायची, दुसऱ्याने वस्तू उचलून दाखवायची.

सगळं महत्त्वाचं आहे, पण काही वस्तू चुकल्या तर केंद्रावर इलाज नसतो. सीयू, बीयू आणि व्हीव्हीपॅटचे क्रमांक आपल्या केंद्राला दिलेल्या क्रमांकांशी जुळतात का ते पाहा. बीयूवरची मतपत्रिका आपल्याच मतदारसंघाची आहे का, नीट बसली आहे का, हेही पाहा. मतदार यादीची चिन्हांकित प्रत, म्हणजे आलेल्या मतदारांच्या खुणा जिच्यावर करायच्या ती यादी, हा दिवसभराचा आधार आहे. तिच्यावरचा भाग क्रमांक, सगळी पानं सलग आहेत का, पुरवणी यादी जोडली आहे का, टपाली मत आणि कर्तव्य प्रमाणपत्राच्या खुणा झाल्या आहेत का, हे तिथेच बघा. प्रदत्त मतपत्रिका साधारण २० असतात, त्यांचे अनुक्रमांक मोजा. हिरव्या कागदी मोहोरा, पट्टी मोहोर, विशेष टॅग यांचेही क्रमांक वहीत उतरवून घ्या. बाणफुलीचा रबरी शिक्का, केंद्राचा भेददर्शक शिक्का, पितळी मोहोर, लाख, शाईच्या कुप्या, काळं पाकीट आणि त्यासाठीची गुलाबी मोहोर, १७ए (मतदारांच्या सह्यांची) नोंदवही, १७सी च्या पुरेशा प्रती, मतदार चिठ्ठ्या (सही झाल्यावर मतदाराला द्यायच्या) आणि उमेदवारांच्या व त्यांच्या निवडणूक प्रतिनिधींच्या सह्यांचे नमुने आहेत का ते बघा. बीएलओकडून (मतदार यादीचं काम बघणारा केंद्रस्तरीय अधिकारी) आलेली गैरहजर, स्थलांतरित आणि मयत मतदारांची यादीही घ्यायला विसरू नका.

एक गोष्ट कटाक्षाने टाळा: वाटपाच्या ठिकाणी व्हीव्हीपॅट सुरू करून बघू नका. त्याच्या मागच्या बाजूला एक नॉब असतो. प्रवासात तो आडवा, म्हणजे लॉक, आणि केंद्रावर काम सुरू करताना उभा. हे विसरल्याने ऐन वेळी "मशीन खराब आहे" असे फोन जातात आणि क्षेत्रीय अधिकारी येऊन फक्त नॉब फिरवतात.

स्वतःच्या पिशवीत पातळ चादर, टॉर्च, डासांसाठी काहीतरी, नेहमीची औषधं, पाण्याची मोठी बाटली, कोरडा खाऊ, दोन निळे आणि एक लाल पेन, पट्टी, कात्री, स्टेपलर, चिकटपट्टी, सुतळी, मेणबत्ती आणि काडेपेटी ठेवा. शासकीय पिशवीत यातलं बरंच असतं, पण मेणबत्ती जळत नाही आणि पेन उठत नाही, असा अनुभव आहे. एप्रिल-मेच्या निवडणुकीत मीठ-साखरेच्या पाण्याची पुडी हवीच.

आदल्या संध्याकाळी खोली लावणं

केंद्रावर पोचल्यावर चहा नंतर, आधी खोली. मतदार एका दाराने येईल आणि दुसऱ्याने जाईल अशी मांडणी हवी. एकच दार असेल तर मध्ये दोरी लावा. मतदान कक्ष, म्हणजे मत द्यायचा आडोसा, खिडकीपासून लांब ठेवा. खिडकीतून कुणाला बटणावरचा हात दिसला तर मताची गुप्तता गेलीच. व्हीव्हीपॅट थेट दिव्याखाली किंवा उन्हाच्या झोतात ठेवू नका, प्रखर उजेडाने त्यात बिघाड येतो. उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींची जागा अशी हवी की येणारा प्रत्येक मतदार त्यांना दिसावा, पण कक्षाच्या आतलं काही दिसू नये.

बाहेर मतदारसंघाची सूचना, उमेदवारांची यादी, दिशादर्शक आणि १०० मीटरची खूण लावा. या १०० मीटरच्या आत प्रचार चालत नाही. उमेदवारांची टेबलं पूर्वी २०० मीटरच्या पलीकडे असायची, २०२५ पासून १०० मीटरच्या पलीकडे चालतात. शाळेच्या भिंतीवर एखाद्या नेत्याचा फोटो किंवा पक्षचिन्ह दिसेल असं काही असेल तर ते आत्ताच झाका, सकाळी तक्रार येते. उतार, पाणी, शौचालय, वीज हे बीएलओ आणि कोतवालांबरोबर फिरून बघा. पथकात महिला असतील तर त्यांच्या मुक्कामाची सोय अंधार पडायच्या आत ठरवा.

गावातला कुणी प्रेमाने जेवायला बोलावतो. नम्रपणे नाही म्हणा. शाळेत शिजणारं किंवा प्रशासनाने ठरवलेलं जेवणच घ्या. बोलावणाऱ्याच्या मनात काही नसेलही, पण दुसऱ्या दिवशी कुणीतरी नक्की म्हणेल की साहेब रात्री अमक्याकडे जेवले.

झोपण्याआधी तासभर बसा आणि भरता येणारे रकाने भरून टाका. पाकिटांवर केंद्र क्रमांक, मतदारसंघाचं नाव, तारीख घाला. १७सी च्या सगळ्या प्रतींचा वरचा भाग, केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीचा पहिला भाग, मतदार चिठ्ठ्यांवर केंद्राचा क्रमांक, हे आज लिहून होतं. या तासाने उद्या रात्रीचे दोन तास वाचतात.

पहाट: अभिरूप मतदान

मतदान सातला सुरू होणार असेल तर अभिरूप मतदान साडेपाचला, म्हणजे ९० मिनिटं आधी. निदान दोन प्रतिनिधी हजर हवेत. नसतील तर १५ मिनिटं वाट बघायची आणि मग सुरू करून तशी नोंद करायची. प्रतिनिधीकडून नमुना १०, म्हणजे त्याचं नेमणूकपत्र, घ्या आणि त्यावरची सही आपल्याकडच्या नमुन्याशी पडताळा.

कमीत कमी ५० मतं, प्रत्येक उमेदवाराला आणि नोटाला निदान एक. कुणी कोणतं बटण दाबलं ते एकाने कागदावर लिहीत राहायचं, नाहीतर शेवटी जुळवायला काही उरत नाही. मग क्लोज, रिझल्ट. सीयूवरचा निकाल, कागदावरची नोंद आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या, तिन्ही जुळले पाहिजेत.

यानंतरचं काम दिवसातलं सर्वांत महत्त्वाचं. क्लिअर दाबा आणि टोटल शून्य आल्याचं प्रत्येक प्रतिनिधीला दाखवा. मग व्हीव्हीपॅटच्या पेटीतल्या सगळ्या चिठ्ठ्या बाहेर काढा. पेटी रिकामी झाल्याचं आत हात घालून दाखवा, एखादी चिठ्ठी कोपऱ्यात अडकते. चिठ्ठ्यांच्या मागे अभिरूप मतदानाचा शिक्का मारून त्या काळ्या पाकिटात, ते पाकीट प्लास्टिकच्या डबीत, त्यावर गुलाबी मोहोर, मोहोरेवर सह्या. प्रमाणपत्र भरा. क्लिअर राहून गेलं तर ती ५० मतं खऱ्या मतांत मिसळतात आणि मतमोजणीच्या दिवशी आपल्या केंद्राचं यंत्र बाजूला काढावं लागतं. मी हे दोघांकडून करून घेतो. एकजण दाबतो, दुसरा "शून्य बघितलं" असं मोठ्याने म्हणतो, मग मी सही करतो.

त्यानंतर सीयू बंद करून निकालाच्या कप्प्यावर हिरवी कागदी मोहोर, विशेष टॅग, बाहेरून पट्टी मोहोर. व्हीव्हीपॅटच्या पेटीला टॅग. मोहोरांवर प्रतिनिधींना सह्या करायच्या असतील तर करू द्या, त्यांना क्रमांक उतरवून घेऊ द्या. सातच्या आधी घोषणापत्राचा पहिला भाग मोठ्याने वाचून सही करा. गुप्ततेबद्दलचं कलम १२८ सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायचं असतं.

चौघांचं काम

एक नंबर यादी सांभाळतो. ओळख पटवणं, नाव आणि अनुक्रमांक मोठ्याने पुकारणं, चिन्हांकित प्रतीवर लाल शाईने खूण करणं हे त्याचं काम. मतदाराच्या चौकटीवर तिरपी रेघ, महिला असेल तर शिवाय अनुक्रमांकाला गोल. हे गोल चुकले की स्त्री-पुरुष आकडे दिवसभर हुलकावणी देतात. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँक किंवा पोस्टाचं पासबुक, मनरेगा जॉब कार्ड, फोटोसह निवृत्तिवेतन कागद, शासकीय सेवेचं ओळखपत्र, दिव्यांगांचं यूडीआयडी अशा ठरलेल्या पर्यायांपैकी एक चालतं. मतदार माहिती चिठ्ठी नुसती चालत नाही. लोक तीच घेऊन येतात, म्हणून रांगेच्या तोंडाशीच हे सांगत राहायला माणूस हवा.

दोन नंबर शाई लावतो आणि १७ए लिहितो. "आजी, डावा हात पुढे करा." तर्जनीवर नखाच्या टोकापासून पहिल्या सांध्यापर्यंत रेघ. बोटाला तेल किंवा मेण दिसलं तर फडक्याने पुसून मग लावा. १९६२ पासून ही शाई म्हैसूरच्या कारखान्यातून येते. तिच्यातलं सिल्व्हर नायट्रेट सुकायला थोडा वेळ लागतो, म्हणून आधी शाई, मग नोंदवहीतली नोंद आणि सही किंवा अंगठा, मग मतदार चिठ्ठी. एका ओळीत एकच मतदार, आणि सही झाल्याशिवाय चिठ्ठी नाही. याबद्दल मी हळवा आहे, त्याचं कारण पुढे येईल.

तीन नंबर चिठ्ठी घेतो, शाई बघतो आणि बॅलट दाबतो. सीयूवर लाल दिवा, बीयूवर हिरवा. मतदार बटण दाबतो, व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी ७ सेकंद दिसते, पडते, बीप वाजतो. बीप ऐकल्याशिवाय पुढच्या मतदाराला सोडायचं नाही. घेतलेल्या चिठ्ठ्या ५०-५० च्या गठ्ठ्यांत बांधत राहिलात तर हा तुमचा तिसरा ताळा होतो.

केंद्राध्यक्षाने खुर्चीत बसून राहू नये. दर तासाला टोटल दाबा आणि १७ए चा शेवटचा क्रमांक बघा. दोन्ही सारखे असतील, किंवा फरकाचं कारण तुम्हाला त्याच क्षणी सांगता येईल, इतपत लक्ष हवं. दर दोन तासांनी, म्हणजे ९, ११, १, ३, ५ वाजता आकडेवारी वर जाते. ती अंदाजाने कधीच पाठवू नका. भेट देणाऱ्या अधिकाऱ्याची सही भेटपत्रकावर घ्या आणि दैनंदिनीत वेळेनुसार लिहीत राहा.

एकदा मी दोन नंबरवर होतो. दुपारी बायकांची मोठी रांग होती आणि गडबडीत एका मतदाराची सही पुढच्या ओळीत गेली, मधली ओळ कोरी राहिली. तीनच्या सुमाराला टोटल एकाने कमी दिसली आणि आम्ही ती "नंतर बघू" म्हणून सोडली. रात्री साडेनऊपर्यंत आम्ही चौघं एकेक ओळ बोटाने मोजत होतो. बाहेर बसमध्ये तीन पथकं आमच्यासाठी खोळंबली होती. तीनला पाच मिनिटं दिली असती तर ती ओळ त्याच पानावर सापडली असती.

अडचणीचे मतदार

अंध किंवा अशक्त मतदाराला १८ वर्षांवरचा सोबती आणता येतो. एक सोबती दिवसभरात एकाच मतदारासाठी. त्याच्याकडून घोषणापत्र घ्या, १४ए यादीत नोंद करा आणि त्याच्या उजव्या तर्जनीला शाई लावा. वाचता येत नाही एवढ्यावरून सोबती द्यायचा नसतो. "काकू, चिन्ह ओळखता येतं ना?" असं विचारलं की बहुतेक जणी हो म्हणून एकट्याच आत जातात. यंत्र कसं वापरायचं हे समजावायचं असेल तर पुठ्ठ्याच्या नमुना बीयूवर, कक्षाबाहेर, प्रतिनिधींसमोर समजवा. आत जाऊ नका, कितीही आग्रह झाला तरी.

आपल्या नावावर आधीच मत पडलंय असं कळलेला मतदार चिडतो आणि त्याचं चिडणं बरोबर आहे. त्याला शांतपणे बसवा, ओळख पटवा आणि प्रदत्त मतपत्रिका द्या. तो बाणफुलीचा शिक्का मारून ती घडी करून देतो, ती वेगळ्या पाकिटात जाते आणि नोंद १७बी मध्ये होते. हे मत यंत्रात जात नाही आणि १७ए मध्येही लिहायचं नाही, नाहीतर ताळा बिघडतो.

प्रतिनिधीने एखाद्याच्या ओळखीवर आक्षेप घेतला तर २ रुपये अनामत घेऊन तिथेच थोडक्यात चौकशी करायची. आक्षेप सिद्ध झाला नाही तर मतदार मत देतो, आणि आक्षेप उगाच घेतलेला असेल तर रक्कम जप्त होते. सिद्ध झाला तर लेखी तक्रारीसह माणूस पोलिसांकडे. गैरहजर-स्थलांतरित यादीतला माणूस समोर आला तर घाबरून परत पाठवू नका. ओळखीची जास्त काळजी घ्या, सहीबरोबर अंगठाही घ्या, मग मत देऊ द्या.

"मी एकाला दिलं, चिठ्ठी दुसऱ्याची पडली" असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका. नियम ४९एमए नुसार लेखी घोषणापत्र घ्या आणि खोटं ठरल्यास होणारी कारवाई समजावून सांगा. मग प्रतिनिधींसमोर चाचणी मत घ्या. आरोप खरा ठरला तर मतदान तिथेच थांबवून निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना कळवायचं. खोटा ठरला तर १७ए मध्ये शेरा आणि १७सी मध्ये चाचणी मताची नोंद.

सही करून मत न देता परत फिरणारे एक-दोन जण प्रत्येक केंद्रावर निघतात. १७ए च्या शेऱ्यात "मत देण्यास नकार" लिहून सही किंवा अंगठा घ्या. बॅलट दाबून झालं असेल तर पुढच्या मतदाराला तसंच आत सोडा, पुन्हा दाबू नका. सहीनंतर हा शेरा राहिला तर रात्री तुम्हाला एका मताचा हिशेब लागणार नाही.

यंत्र बिघडलं तर

आधी क्षेत्रीय अधिकाऱ्यांना फोन, मग दैनंदिनीत वेळ. मतदान सुरू असताना सीयू किंवा बीयू बिघडलं तर तिन्ही घटकांचा पूर्ण संच बदलतो आणि नव्या संचावर प्रत्येक उमेदवाराला व नोटाला एकेक मत देऊन पुन्हा अभिरूप मतदान घ्यावं लागतं. फक्त व्हीव्हीपॅट बिघडलं तर तेवढंच बदलायचं, अभिरूप मतदान नाही. रांगेला बाहेर जाऊन स्वतः सांगा की काय झालंय आणि काय चाललंय. माहिती मिळाली की लोक थांबतात.

सहा वाजता

सहाला पाच-दहा मिनिटं असताना बाहेर जाऊन मोठ्याने सांगा. ठीक सहाला रांगेतल्या प्रत्येकाला सही केलेल्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या द्यायच्या, आणि त्या शेपटापासून: शेवटच्या माणसाला एक नंबर, मग पुढे पुढे. त्याचं कारण साधं आहे, मागून नवा माणूस घुसू शकत नाही. चिठ्ठी असलेल्या प्रत्येकाचं मत झालंच पाहिजे, मग आठ वाजोत.

शेवटचा मतदार बाहेर पडला की आणखी एकदा टोटल. १७ए शी जुळल्यावरच क्लोज दाबा, त्यानंतर यंत्र मत घेत नाही. १७ए मध्ये शेवटच्या नोंदीचा अनुक्रमांक लिहून सही करा, प्रतिनिधींच्याही घ्या.

१७सी हा दिवसाचा जमाखर्च आहे. १७ए प्रमाणे आलेले मतदार, त्यातून नकार देणारे आणि गुप्तता मोडल्यामुळे मत न देऊ दिलेले वजा केले की यंत्रातला आकडा आला पाहिजे. चाचणी मत झालं असेल तर त्याचा रकाना वेगळा आहे. प्रदत्त मतपत्रिका मिळाल्या किती, वापरल्या किती, उरल्या किती, आणि कागदी मोहोरांचा हिशेबही यातच. हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला १७सी ची प्रत द्यायची आणि मिळाल्याची सही घ्यायची. हे टाळू नका. मतमोजणीच्या टेबलावर उमेदवाराचा माणूस हीच प्रत हातात धरून बसलेला असतो, आणि आपल्या केंद्रावर विश्वास ठेवायला त्याच्याकडे दुसरं काही नसतं.

सीयू बंद करून केबली काढा, व्हीव्हीपॅटचा नॉब आडवा करा, तिन्ही घटक आपापल्या पेट्यांत घालून पत्त्याचे टॅग आणि लाख लावा. प्रतिनिधींना त्यांची मोहोर लावायची असेल तर लावू द्या. यंत्र एकदा मोहोरबंद झालं की ते पथकाच्या नजरेआड जाता कामा नये. बसमध्ये ते मांडीशी ठेवा, टपावर नाही.

पाकिटं आणि जमा

पाकिटांची संख्या बघून नवखा माणूस गांगरतो. सोपी वाट अशी: १७सी, दैनंदिनी, १७ए, घोषणापत्र, अभिरूप मतदानाचं प्रमाणपत्र आणि भेटपत्रक हे कागद वेगळ्या फाइलीत वर ठेवा, कारण जमा टेबलावर तेच आधी मागतात. चिन्हांकित प्रत, मतदार चिठ्ठ्या, प्रदत्त मतपत्रिका हे हिरव्या सांविधिक पाकिटात, मोहोरबंद. बाकीचे नमुने पिवळ्या असांविधिक पाकिटात, आणि शिक्के, शाई, उरलेलं सामान सर्वांत शेवटी. प्रत्येक पाकिटात काय घालायचं ते त्यावर छापलेलं असतं. काही निरंक असेल तर "निरंक" लिहून पाकीट द्या, मोकळं ठेवू नका. हे काम बसमध्ये करू नका. केंद्रातच, उजेडात, चौघांनी मिळून करा.

जमा केंद्रावर गर्दी असते, सगळे थकलेले असतात आणि आवाज चढतात. रांगेत दोघं थांबा, दोघं सामानापाशी. टेबलावरच्या कर्मचाऱ्याने चूक काढली तर तिथेच दुरुस्त करा आणि सही करा. तोही सकाळपासून बसलेला आहे. यंत्रं आणि कागद जमा झाल्याची पावती मिळेपर्यंत कुणीही निघायचं नाही, एक नंबरनेही नाही. पावतीचा फोटो काढून ठेवा, कार्यमुक्तीचा आदेश घ्या आणि दुसऱ्या दिवशी शाळेत हजर होताना त्याची प्रत कार्यालयात द्या.